‘विनलँड सागा’वरचे आक्षेप आणि त्यांची उत्तरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माकोतो युकिमुरा यांची ‘विनलँड सागा’ ही व्हायकिंगांच्या काळातली मांगा (जपानी चित्रकथा) एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये २२०व्या प्रकरणाने संपली. वीस वर्षांत तिच्यावर जे आक्षेप घेतले गेले त्यातले बरेचसे आजही त्याच शब्दांत घेतले जातात. काहींना दम आहे, काहींना नाही. खाली दोन्ही प्रकार आहेत. शेवटापर्यंतची सगळी कथा इथे उघड होते, त्यामुळे वाचन अर्धवट असेल तर आधी ते पूर्ण करा.

थॉरफिन सुरुवातीला काय जबरदस्त होता! मग त्याला असा मवाळ का करून टाकला?

आधी कथेचा नायक थॉरफिन पहिल्या भागात नेमका काय करतो ते पाहू. त्याच्या वडिलांना, थॉर्सना, आस्केलाडच्या लुटारू टोळीने कपटाने मारलं. पोरगा त्याच टोळीबरोबर राहतो आणि तिच्यासाठी माणसं मारतो. बदल्यात त्याला काय मिळतं? आस्केलाडशी द्वंद्व खेळायची परवानगी. त्यात तो दरवेळी हरतो. अकरा वर्षं हेच चालतं. त्याच्या चपळाईवर, दोन हातांतल्या दोन खंजिरांवर आपण खूश होतो. पण बापाच्या मारेकऱ्याकडे तो बिनपगारी राबतोय, हे कथा पहिल्या पानापासून दाखवत असते. आस्केलाडला हे पक्कं ठाऊक आहे. एकट्या थॉरफिनला ते कळत नाही.

तेव्हा ‘आधी ताकदवान, नंतर मवाळ’ हा हिशेब मुळातच उलटा आहे. पहिल्या भागात थॉरफिन स्वतःहून एकही निर्णय घेत नाही. त्याचा पहिला स्वतंत्र निर्णय पुढे तो गुलाम म्हणून शेतावर राबत असताना येतो. नोकरांनी त्याचं आणि सोबतचा गुलाम आयनार याचं उगवलेलं पीक उपटून टाकल्यावर आयनार हात उचलणार असतो आणि थॉरफिन त्याच्या आधी ठोसा मारतो. मालकाच्या माणसावर हात टाकला की गुलामाची काय गत होते हे त्याला माहीत आहे, आणि ती शिक्षा आयनारच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो पुढे होतो. रागाच्या भरात मारलेला हा ठोसा नव्हे. हा फरक सुटला की पुढचं सगळं ‘अचानक’ वाटू लागतं.

शेतावरचा भाग इतका संथ का? नुसती झाडं तोडतात आणि नांगरतात!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे इथे जरा थांबू.

हा भाग ५५ ते १०० अशा ४६ प्रकरणांचा आहे. युकिमुरा साप्ताहिकाच्या वेगाला पुरे पडेनात, म्हणून २००५ च्या डिसेंबरात ही मालिका ‘वीकली शोनेन मॅगझिन’मधून ‘आफ्टरनून’ या मासिकात गेली. महिन्याला एक प्रकरण धरलं तरी ४६ प्रकरणांना जवळजवळ चार वर्षं लागतात. दर महिन्याला ‘अजून खुंटच काढतायत?’ म्हणणाऱ्या त्या वेळच्या वाचकाची चिडचिड समजण्यासारखी आहे. आता मात्र खंड ८ ते १४ सलग हाताशी आहेत आणि हा भाग दोन-तीन बैठकांत वाचून होतो. संथपणाची जुनी तक्रार पुष्कळ लोक ऐकीव पुढे चालवतात.

आता त्या खुंटांकडे वळू. डेन्मार्कमधल्या केटिलच्या शेतावर थॉरफिन आणि आयनारला जंगलाचा एक तुकडा मिळतो. झाडं तोडायची, जमीन लागवडीखाली आणायची, गहू पिकवायचा, तो केटिलला विकायचा आणि त्या पैशातून स्वतःची किंमत फेडायची, असा सौदा आहे. आपल्याकडच्या सालगड्याच्या उचलीसारखा हिशेब, फक्त इथे गहाण पडलंय ते अख्खं माणूस. झाड पाडणं त्यातलं सोपं काम. खरा घाम निघतो खुंट उपटताना: भोवती खणा, मुळं तोडा, पहार घाला, जोर लावा, आणि तो हलतच नाही. घोडा हवा. शेतावरचे पगारी नोकर गुलामांना घोडा देत नाहीत. मग म्हाताऱ्या स्वेर्केलकडे जायचं, त्याची कामं करून द्यायची आणि बदल्यात घोडा व नांगर मागायचा.

ही सगळी यातायात पानांवर दिसते, आणि ती वगळली असती तर पुढची एक गोष्ट घडूच शकली नसती. पहिले कोंब वर येतात तेव्हा थॉरफिन ते नुसता बघत राहतो. आजवर त्याने इतरांची पिकं जाळली, लुटली; एक दाणा उगवायला किती महिने जातात याची त्याला कल्पनाच नव्हती. वाचकानेही ते महिने काढलेले असल्याशिवाय कोंबांचं ते चित्र नुसतं चित्र राहतं. पुढे तेच कोंब उपटले जातात तेव्हा, मारामारीच्या पन्नास पानांनी बसला नसता असा धक्का त्या मोडलेल्या चार काड्यांनी बसतो.

ज्याला अजूनही कंटाळा येतो त्याने एक करून बघावं. प्रत्येक प्रकरणात थॉरफिनचे डोळे कसे काढलेत तेवढंच पाहत जावं. सुरुवातीला ते विझलेले आहेत, बुबुळात चमकेचा ठिपकाही नाही. रात्री तो किंचाळत उठतो आणि काय स्वप्न पडलं ते त्याला आठवत नाही. त्या डोळ्यांत जीव परत येणं, हीच या भागातली ‘घटना’ आहे.

आस्केलाडला एवढ्या लवकर का मारलं? तो गेला आणि मजाच गेली.

आस्केलाड हे मांगातलं सर्वांत बांधेसूद पात्र आहे यावर कुणाचं दुमत नसावं. आई वेल्सच्या राजघराण्यातली, बाप डेन. डेन लोकांचा मनस्वी तिरस्कार करत त्यांच्याच टोळीचा नायक म्हणून जगणारा माणूस. पण त्याची कथा ५४व्या प्रकरणात पूर्ण होते. यॉर्कमध्ये डेन लोकांचा राजा स्वेन त्याला पेचात पकडतो: वेल्स वाचव, नाहीतर माझ्या मुलाला, कनूटला. आस्केलाड तिसरी वाट काढतो. वेड लागल्याचं सोंग आणतो, भर दरबारात राजाचं मुंडकं उडवतो आणि कनूटच्या हातून मरण ओढवून घेतो. वेल्स वाचतं, कनूटला राज्य मिळतं आणि राजहत्येचं किटाळ कनूटवर येत नाही. एका चालीत तिन्ही कामं. यानंतर तो जिवंत राहता तर करायला काय उरलं होतं?

शिवाय त्याच्या मरणाने थॉरफिनचा सूड कायमचा हातातून निसटतो. बापाचा खंजीर त्याच्या हातून जमिनीवर पडतो, त्याला धरून नेतात, आणि तिथे लिहून येतं की प्रस्तावना संपली. २२० पैकी ५४ प्रकरणं, म्हणजे साधारण पाव कथा, ही ‘प्रस्तावना’ होती. लेखकाने तिथेच स्पष्ट शब्दांत सांगून टाकलेलं आहे. त्यानंतरही ‘मूळ कथा सोडून भलतीकडे गेले’ म्हणायचं असेल तर इलाज नाही.

कनूट एका प्रकरणात भित्र्या मुलाचा थंड डोक्याचा राजा होतो. हे पटतं का?

घाईने वाचलं तर पटत नाही, हे खरं. तो बदल सहाव्या खंडात आहे, आणि त्याचा दुवा एका दारुड्या पाद्र्याच्या बोलण्यात आहे. ते बोलणं अवघड आहे. बरेच जण ते ओलांडून पुढच्या लढाईकडे जातात आणि मग बदल हवेतून आल्यासारखा वाटतो.

घडतं असं. कनूटला बापापेक्षा जास्त माया लावणारा रॅग्नार मारला जातो. कनूट पाद्री विलिबाल्डला विचारतो, रॅग्नारचं माझ्यावर प्रेम होतं ना? पाद्री म्हणतो, नाही, तो पक्षपात होता. एकाला जवळ करायचं म्हणजे बाकीच्यांना दूर लोटायचं. मग निखळ प्रेम कुठे आहे? बर्फात पडलेल्या प्रेताकडे, आकाशाकडे, झाडांकडे तो बोट दाखवतो. कुणाचाच भेद न करता सगळं देऊन टाकणारं तेवढंच. यावरून कनूट जो निष्कर्ष काढतो तो पाद्र्यालाही अपेक्षित नसतो: माणसांमध्ये असं प्रेम नसेल आणि देव ते द्यायला येत नसेल, तर स्वर्ग इथेच, माणसाच्या सत्तेने उभा करायचा. देवाविरुद्धचं बंडच ते. मुलगा धीट झाला म्हणण्यापेक्षा, ज्याच्या आश्रयाला उभा होता ती भिंत पडल्यावर त्याने स्वतःची भिंत बांधायला घेतली असं म्हणणं जास्त बरोबर.

आणि हा बदल फुकट मिळालेला नाही. शेताच्या भागात कनूट बापाच्या छाटलेल्या मुंडक्याशी बोलताना दिसतो. भावाला विष देऊन त्याने डेन्मार्कचं राज्य मिळवलेलं असतं. इंग्लंडमधल्या सैन्याचा खर्च इंग्लिश प्रजेवर न लादता भागवायचा, म्हणून डेन्मार्कमधली श्रीमंत शेतं काही ना काही निमित्त काढून जप्त करायची, असा त्याचा बेत असतो. केटिलचं शेत त्यातलंच. हेतू उदात्त, हात रक्ताने माखलेले. कनूटला ‘खलनायक’ किंवा ‘नायक’ असं एकच लेबल लावून बघा, ते दहा पानंसुद्धा टिकत नाही.

शंभर ठोसे खाऊनही माणूस उभा राहतो? काहीच्या काही!

अतिशयोक्ती आहेच. ज्या मांगात थॉर्केल नावाचा योद्धा ओंडके भाल्यासारखे फेकतो तिथे शंभर ठोशांवर अडणं थोडं गमतीचं आहे. पण प्रसंग नीट पाहा, कारण इथे खरी गोष्ट बळाची नाही.

थॉरफिनला कनूटला भेटायचं आहे. वाटेत राजाचे सैनिक. त्यातला ड्रॉट नावाचा धिप्पाड योद्धा पैज मांडतो: माझे शंभर ठोसे सहन कर, मग भेट. थॉरफिन ती मान्य करतो आणि मार खातो. बारकाईने पाहिलंत तर ठोसा बसताना तो किंचित सरकतो, मार थोडा वाया घालवतो. लढाईतलं कसब तेच आहे, वापर मात्र वेगळा. दगड-काठीही न उचलता, ज्याला तो सहज लोळवू शकला असता त्याच्यापुढे तो उभा राहतो. परत का मारत नाहीस, असं विचारल्यावर तो सांगतो की आपल्याला कुणी शत्रूच नाही.

हे वाक्य त्याचं नाही. त्याच्या बापाने लहानपणी आइसलँडमध्ये त्याला हेच सांगितलं होतं. तेव्हा त्या पोराला ते कळलं नव्हतं, आणि वाचकालाही ते वडीलधाऱ्यांचं ठरीव बोलणं वाटलं होतं. पहिल्या दोन खंडांत पेरलेलं वाक्य चौदाव्या खंडाच्या आसपास उगवतं. मधे खून, गुलामगिरी, दुःस्वप्नं आणि ती गव्हाची शेती. शंभर हा आकडा त्या अंतरासाठी आहे, असं आमचं वाचन.

पुढे किनाऱ्यावर कनूटशी बोलणी होतात. तिथल्या समुद्राच्या लाटाही उगाच नाहीत. कनूटने लाटांना थांबायची आज्ञा केल्याची आख्यायिका इंग्लंडमध्ये बाराव्या शतकापासून चालत आलेली आहे. थॉरफिन त्याला हरवत नाही. तू ऐकलं नाहीस तर आम्ही पळून जाऊ, तुझ्या हाताबाहेर दूर देश वसवू, असं काहीसं सांगतो. सम्राटासमोर ‘पळून जाऊ’ म्हणणारा नायक! पुष्कळ वाचकांना हेच झेपत नाही.

शांतीच्या गोष्टी करतो आणि पुढे गार्मशी लढतोच. हे ढोंग नाही का?

त्याची प्रतिज्ञा ‘कधीही हात उचलणार नाही’ अशी कधीच नव्हती. आधी बोलणं, मग टाळणं, मग पळणं, आणि काहीच उरलं नाही तर शेवटी नाइलाजाने हात, असा क्रम आहे. बाल्टिकच्या भागात योम्स व्हायकिंग या लढवय्या टोळीच्या वारसाहक्काच्या भांडणात त्याला त्याच्या रक्ताच्या नात्यामुळे ओढलं जातं, आणि त्या भागभर तो यातून सुटायची वाट शोधत असतो. लढतो तेव्हा शक्यतो नुसत्या हातांनी.

तरीही या आक्षेपात तथ्य आहे. तो भाग चवीने काढलेल्या लढायांनी भरलेला आहे. हिंसा नको म्हणणारी कथा हिंसेची चित्रं इतकी देखणी काढते, या विसंगतीतून युकिमुरा पूर्णपणे सुटत नाहीत. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की गार्म हे पात्र तिथे आरसा म्हणून आहे. लढाई ज्याला खेळ वाटते असा तो तरुण, आणि थॉरफिनला त्याच्यात जुना थॉरफिन दिसल्याशिवाय राहत नाही.

आर्नहाइडला फक्त थॉरफिनला धडा मिळावा म्हणून मारलं, नाही का?

बाईला मारायचं आणि पुरुषाला मोठं करायचं, या घिसापिट्या युक्तीचा आरोप पुष्कळ कथांवर बरोबर बसतो. इथे तो अर्धाच बसतो.

केटिलच्या शेतावरची गुलाम असलेल्या आर्नहाइडला स्वतःची कहाणी आहे आणि कथा ती ऐकवते. तिच्या गावचे पुरुष दलदलीतल्या लोखंडाच्या मालकीवरून लढायला जातात. तिचा नवरा गार्डर त्यांच्यात असतो. ती त्याला अडवते, तो ऐकत नाही. पुरुषांशिवाय उरलेलं गाव शत्रूच्या हाती पडतं, मूल जातं, ती गुलाम होते. लोखंड म्हणजे तलवार, तलवार म्हणजे लोखंडासाठी लढाई, हे चक्र मांगात कुणी सगळ्यात नेमकं सांगितलं असेल तर ते तिने. नवरा पळून तिच्याकडे येतो, आणि पळताना पकडल्यावर केटिल तिला मरेस्तोवर मारतो, तेव्हा तिच्या पोटात केटिलचंच मूल असतं. मरताना तिने काढलेला प्रश्न असा, की जगायचं कशासाठी? थॉरफिन आणि आयनार तिला समुद्रापलीकडच्या विनलँड या देशाची गोष्ट सांगतात, आणि पुढे वसाहत उभी राहते तेव्हा तिचं नाव विसरलेलं नसतं.

तरी तिचा शेवट टाळता आला नसता का, हे विचारणं रास्त आहे. आमच्यापैकी काहींना अजूनही वाटतं, आला असता.

केटिल तर दयाळू मालक होता. त्याला अचानक राक्षस का केलं?

‘अचानक’ नाही. चोरी केलेल्या पोराचा प्रसंग परत वाचा: हात तोडण्याऐवजी मार देऊन सोडता यावं म्हणून त्याची धडपड चालते, पण पोराला सोडून द्यायचं धाडस त्याला होत नाही. ‘लोखंडी मूठ’ हे त्याचं नावही उसनं. तो दुसराच कुणी योद्धा होता. गुलामांना गोड बोलणारा मालक शेवटी मालकच, एवढंच कथा सांगते. शेत जाण्याची वेळ येते तेव्हा त्याच्या हाताला लागलेली सगळ्यात कमकुवत व्यक्ती म्हणजे आर्नहाइड.

गुद्रिद आणि हिल्ड यांचं काय? स्त्री पात्रं तोंडी लावण्यापुरतीच वाटतात.

हिल्डच्या बाबतीत हे चूक आहे. थॉरफिनने तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाला मारलेलं आहे. ती शिकारी आहे, स्वतः बनवलेल्या यांत्रिक धनुष्याने त्याला गाठते आणि मारायला पूर्ण मोकळी असते. ती त्याला त्या वेळी सोडते, पण माफ करत नाही. बरोबर येऊन नजर ठेवते. ‘मी बदललोय’ असं म्हणणाऱ्या नायकाच्या जहाजावर त्याच्या बळीची मुलगी भरलेलं धनुष्य घेऊन बसलेली आहे. नायकाला सहजासहजी क्षमा न देण्याची ही रचना दुसऱ्या मांगांमध्ये विरळाच.

गुद्रिदच्या बाबतीत मात्र टीका पटते. समुद्रावर जायची ओढ, लादलेलं लग्न, लीफ या दर्यावर्दीच्या जहाजावरचं पलायन, हे सगळं फार छान उभं राहतं. थॉरफिनशी लग्न झाल्यावर ती हळूहळू पार्श्वभूमीत जाते. जुन्या आइसलँडी गाथांमधली गुद्रिद त्या काळातली सर्वांत लांब प्रवास केलेली बाई आहे, म्हातारपणी ती रोमला जाऊन आली असं त्यात म्हटलंय. तिला यापेक्षा जास्त पानं शोभली असती.

ग्रीसचा प्रवास गाळलाच कसा? इतकी तयारी करून!

नार्व्हाल या देवमाशाचे सुळे ग्रीसला नेऊन विकायचे आणि त्या पैशावर वसाहत उभी करायची, हा बेत बराच काळ सांगितला जातो; मग १६६व्या प्रकरणानंतर मंडळी एकदम परत आलेली दिसतात. थॉरफिन आणि गुद्रिदचं लग्नही होऊन गेलेलं. याचं समर्थन करता येतं (कथेचं नाव विनलँड आहे आणि तोवर दोन-तृतीयांशाहून जास्त प्रकरणं खर्ची पडली होती), पण वाचकाची निराशा खोटी नाही. बाल्टिकच्या लढायांमधून दहा प्रकरणं वाचवून इकडे दिली असती तर बरं झालं असतं.

इतिहासात असं काही झालंच नाही. मग ‘ऐतिहासिक’ कशाला म्हणायचं?

काय खरं आणि काय बदललेलं ते आधी वेगळं करू.

राजा स्वेन ३ फेब्रुवारी १०१४ रोजी गेन्सबरो इथे मेला. यॉर्कमधला वध ही युकिमुरांची कल्पना. थॉर्केल, कनूट, लीफ ही खरी माणसं. १०१२ मध्ये थॉर्केल खरोखरच बाजू बदलून इंग्लंडच्या राजाकडे गेला होता. आस्केलाड इतिहासात नाही. ते नाव नॉर्वेच्या लोककथांमधल्या राखेत लोळणाऱ्या पोराचं.

थॉरफिन कार्ल्सेफ्नी मात्र आहे. त्याच्याविषयी आपल्याला दोन आइसलँडी गाथांमधून कळतं, आणि त्या तेराव्या शतकातल्या, म्हणजे घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिलेल्या. ग्रीनलँडवाल्यांच्या गाथेत तो साठ पुरुष आणि पाच बायका घेऊन विनलँडला जातो. तिथे स्थानिक लोक व्यापाराला येतात, त्यांना शस्त्रं हवी असतात, आणि कार्ल्सेफ्नी आपल्या लोकांना शस्त्रं विकायला मनाई करतो. त्याऐवजी बायकांना दूध आणायला सांगतो, आणि पाहुणे दुधावर खूश होतात. दुसऱ्या गाथेत दुधाऐवजी लाल कापड आहे.

मांगातल्या वसाहतीत तलवार आणायची नाही हा नियम, आणि तो मोडून तलवार घेऊन येणारा इवार, यांचं बी इथे आहे. गाथांमध्ये ही मनाई बहुधा सावधपणाची होती. युकिमुरांनी तिला तत्त्व बनवलं. ऐतिहासिक कथेत एवढी मोकळीक चालते असं आम्ही मानतो, कारण तिने घटनेचा शेवट बदललेला नाही.

तो शेवट! वीस वर्षं वाचलं आणि शेवटी सगळे विनलँड सोडून जातात? आयनारही मरतो?

हो. आणि विनलँड सोडणं अटळ होतं. नॉर्स (म्हणजे व्हायकिंग) लोक तिथे टिकले नाहीत हे इतिहासाने ठरवून टाकलंय. न्यूफाउंडलंडमधल्या लान्स ओ मेडोज इथे १९६० मध्ये त्यांच्या वस्तीचे अवशेष सापडले. तिथल्या लाकडावरच्या अभ्यासातून, २०२१ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे, ते झाड १०२१ साली तोडलेलं होतं. वस्ती छोटी होती आणि थोडाच काळ टिकली. युकिमुरांनी पहिल्या प्रकरणात नायकाचं नाव थॉरफिन ठेवलं त्या दिवशीच शेवट ठरला होता. प्रश्न फक्त ‘का सोडतात’ एवढाच होता.

त्यांचं उत्तर कडू आहे. विनलँडच्या मूळ रहिवासी ल्नू लोकांच्या शामानला (मांत्रिकाला) पुढची शतकं दिसतात आणि हे पाहुणे काय घेऊन येणार ते कळतं. तो चुकत नाही. रोग येतो. भीती येते. इवारची तलवार असतेच. दोन्हीकडे चांगली माणसं असूनही युद्ध पेटतं. ज्यांना वाटत होतं की थॉरफिनच्या शहाणपणासमोर सगळे हात जोडतील, त्यांना हा विश्वासघात वाटतो. पण तसं झालं असतं तर तीच मांगा ‘थोर माणसाचं भाषण ऐकून जग सुधारतं’ अशी खोटी कथा झाली असती. शेतावर तो कनूटला म्हणाला होता की आम्ही पळून जाऊ. शेवटी तो तेच करतो. उभ्या पिकासकट वसवलेलं गाव टाकून जातो, लढून ते राखत नाही. शंभर ठोसे ज्यांना आवडले त्यांना हे का आवडू नये, हे कोडंच आहे. इथे फक्त ठोसे जास्त आहेत आणि टाळ्या वाजवायला कोणी सैनिक नाहीत.

आयनारच्या मरणावर मात्र वाद घालत बसायची इच्छा होत नाही. वाईट वाटतं. वाटायलाच हवं.

अ‍ॅनिमे पाहिलाय. मांगा कुठून सुरू करू?

पहिला सीझन (२०१९, विट स्टुडिओ) ५४व्या प्रकरणापाशी संपतो, दुसरा (२०२३, मापा) १००व्या प्रकरणापाशी. म्हणजे पुढची कथा १०१ पासून. पण मांगाची सुरुवात वेगळी आहे: ती फ्रँकांच्या वेढ्यात, आधीच तयार झालेल्या थॉरफिनपासून सुरू होते आणि मग बालपणात जाते. अ‍ॅनिमेने ते सरळ काळक्रमात लावलं. त्यामुळे पहिले दोन खंड तरी मुळातून वाचा. आधी क्रूर पोरगा आणि मग तो कसा झाला, हा क्रम वाचकाशी वेगळा खेळ खेळतो. पानं उजवीकडून डावीकडे, चौकटीही तशाच. बोलणं नसलेल्या चौकटींवरून पटकन पुढे जायची सवय असेल तर इथे तोटा होईल, शेताच्या भागात तर फारच.

मित्राशी वाद घालायचाय. कुठलं पान उघडून दाखवू?

‘थॉरफिन बदलला’ म्हणणाऱ्याला दोन पानं दाखवा. एक, दुसऱ्या खंडाच्या शेवटाजवळचं: थॉर्स आस्केलाडला हरवून, त्याची मान हाताशी असताना, त्याला मारत नाही. आणि दुसरं ५४व्या प्रकरणातलं, जिथे त्या बापाचा खंजीर पोराच्या हातून फरशीवर पडतो आणि तो उचलायला कुणी वाकत नाही.